वळशावरचे खिळे

१

ज्याने कुणी ते खिळे टाकले त्याचे हात झडोत, असं मी त्या रविवारी सकाळी भर रस्त्यात ओरडले. कुणी टाकले ते तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि तरीही ते शब्द मागे घ्यायला मी तयार नाही.

आमच्या सायकल समितीची ती पहिली मोठी फेरी होती. शाळेपासून निघायचं, मुख्य रस्त्याने नगरपालिकेपर्यंत जायचं आणि तिथल्या मंडळींना दाखवायचं की या गावात सायकल चालवणारी माणसं राहतात, ती काही हवेत उडत कामाला जात नाहीत. मुख्य रस्त्याच्या कडेला नगरपालिकेने पांढरी रेघ मारून सायकलींसाठी एक अरुंद पट्टा आखून दिला होता. तोही उपकार केल्यासारखा, प्रयोग म्हणून. पट्टा कायम ठेवायचा की पुसून टाकायचा, हे मंगळवारच्या सभेत ठरणार होतं.

मी चष्म्याचं दुकान चालवते. समितीत आले ती तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून. माझ्याकडे फुटलेले चष्मे यायचे. पोस्टमन आला, मोटारीच्या दाराला धडकून पडला होता. दवाखान्यातली नर्स तर इतक्यांदा आली की शेवटी मी तिला म्हटलं, अगं, तू डोळ्यांनी बघतेस की चष्म्याने रस्ता झाडतेस? ती हसली नाही. "गाडीवाले पार कडेला दाबतात हो," म्हणाली. त्याच संध्याकाळी मी समितीच्या बैठकीला जाऊन बसले आणि पहिल्याच दिवशी चौघांशी भांडले.

नणंदबाईंनाही मीच ओढलं. ह्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे ताई म्हणतो. सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून गेली. साक्षीदार काय बोलला, कुठे अडखळला, कुठे नको तेवढं बोलला, सगळं ऐकून टिपायचं आणि चेहरा मात्र दगडाचा ठेवायचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून माझ्या स्वयंपाकातल्या चुका टिपायला लागल्या, तेव्हा मी त्यांना समितीच्या सायकल वर्गात ढकललं. शाळेच्या मैदानावर अध्यक्ष स्वतः वर्ग घ्यायचे. रविवारची फेरी ही ताईंची रस्त्यावरची पहिलीच वेळ होती.

मी चौकात झेंडा धरून गाड्या थांबवत होते. माझ्या डोळ्यांसमोर ताईंची सायकल सोफ्याच्या दुकानापाशी डगमगली, पांढऱ्या रेघेच्या बाहेर गेली आणि ताई आडव्या झाल्या. मागून व्हॅन येत होती. ब्रेकचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी धावत पोचले तोवर आणखी बऱ्याच जणांच्या चाकांतली हवा गेली होती, आणि ताईंचं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं.

अध्यक्षांनी डांबरावरून एक खिळा उचलला. रुंद टोपीचा, आखूड, टोक वर करून पडणारा.

"मित्रांनो," ते म्हणाले, "असे खिळे कोण वापरतं?"

सगळ्यांच्या माना एकदम सोफ्याच्या दुकानाकडे वळल्या. सोफेवाला तिथेच रस्त्यात उभा होता, आणि त्याच्या एप्रनच्या खिशात तसलेच खिळे होते. हाच माणूस जाहीर सुनावणीत उभा राहून ओरडला होता, "या पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं चाक बसलं पाहिजे!" पट्ट्यामुळे त्याची सोफे चढवायची जागा गेली होती. मग काय, कुणीतरी दगड मारला, दुकानाची काच खळकन फुटली आणि दुपारपर्यंत सोफेवाला पोलीस चौकीत होता. संध्याकाळी कळलं की मंगळवारच्या सभेत आणखी एक ठराव येतोय, त्याच्या दुकानाचा परवाना कायमचा रद्द करायचा. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

हाताला प्लास्टर घालून ताई दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या होत्या. मी ही बातमी दिली, तर त्यांनी डोळे उघडले.

"वहिनी, त्या माणसाने हे केलेलं नाही."

२

"म्हणजे काय?" मी उसळलेच. "खिळे त्याचे, दुकान त्याचं, धमकी त्याची!"

"व्हॅन आली तेव्हा तो दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला. मी खालून बघत होते. तो नसता आला तर तू आता माझ्याशी बोलत नसतीस."

मी खुर्ची ओढून बसले. भांडण अर्धवट टाकून मी सहसा बसत नाही.

"पण ही झाली माझी साक्ष," ताई म्हणाल्या. "इन्स्पेक्टर म्हणेल, घाबरून धावला असेल. तू एक कर. कुणाकुणाची चाकं बसली ते बघून ये. आणि मंगळवारच्या आत. परवाना एकदा गेला की परत द्यायला कुणी येत नाही."

सगळ्या पंक्चर सायकली चौकातल्या पंक्चरवाल्याकडे गेल्या होत्या. सोमवारी सकाळी मी त्याच्यापुढे उभी राहिले. मला बघताच तो फणकारला.

"या! तुम्हीही विचारा. सकाळपासून सगळे आडून आडून विचारतायत, धंदा बरा झाला का? अहो, मी स्वतः रोज त्या पट्ट्यावरून येतो. कालची सगळी पंक्चर फुकट काढून दिली. ताईंची सायकल पुसूनसुद्धा ठेवलीय."

"रागावू नका हो. मला फक्त सांगा, चाकं कुणाची होती?"

तो टायरवर हात ठेवून विचार करायला लागला. "शाळेतल्या बाई. बँकेतलं ते जोडपं. तो जाडा वकील. तुमच्या ताई." तो थांबला. "आयला. सगळी वर्गातलीच की."

"कसला वर्ग?"

"अध्यक्ष घेतात ना मैदानावर, तो. सगळे नवशिके. फेरीत पोस्टमन होता, नर्स होती, कारखान्यातली पोरं होती, मीसुद्धा होतो. आमच्यातल्या एकाचंही चाक बसलं नाही."

"तुम्ही पुढे होतात का?"

"कुठले पुढे! सगळे मिसळूनच चाललो होतो. नर्स तर ताईंच्या अगदी पुढे होती."

आता मला सांगा, खिळ्यांना काय कळतं कोण नवशिका आणि कोण मुरलेला?

३

मी तडक सोफ्याच्या दुकानापाशी गेले. फुटक्या काचेवर पुठ्ठा लावला होता. पोलिसांनी मूठभर खिळे नेले होते, बाकीचे डांबरात रुतून तसेच होते. इतकी कळकळ! कुणाचं आयुष्य मोडायचं असेल तर मूठभर पुरावा पुरतो म्हणायचा.

मी खाली वाकून बघितलं. खिळे चादरीएवढ्या जागेत होते, आणि ती जागा फुटपाथपासून लांब, अगदी पांढऱ्या रेघेला चिकटून होती. फुटपाथच्या बाजूला एकही नाही. पट्ट्याच्या मध्यभागी गटाराची जाळी होती, तिच्या आसपासही एक नाही.

"काय शोधताय? पार्किंग?"

शेजारचा केमिस्ट दारात उभा होता. समितीचा दोन नंबरचा शत्रू. गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा राहिली नाही म्हणून तो आमच्या पत्रकांच्या पुड्या बांधायचा.

"खिळे तुम्ही टाकलेत का?" मी सरळच विचारलं. मला आडवळणाने बोलता येत नाही.

तो हसला. "बाई, मला पट्टा नकोय, हे मी लपवलंय का कधी? पण मी टाकले असते तर फुटपाथपासून रेघेपर्यंत मुठी भरभरून टाकले असते. तुमच्यातला एक सुटला नसता. ही काय तऱ्हा झाली, एवढ्याशा कोपऱ्यात?"

बोलणं उद्धट होतं, पण खोटं वाटलं नाही.

"आणि त्या सोफेवाल्याला उगाच अडकवलंत," तो पुढे म्हणाला. "तोंड फाटकं आहे त्याचं, पण माणूस तसा नाही. मागच्या महिन्यात ही जाळी बदलली तेव्हा धुळीने माझ्या बाटल्या माखल्या, तर मी आत बसून चरफडत होतो. तो मात्र कामगारांशी भांडून पाणी मारायला लावून आला."

"जाळी बदलली?"

"मग! तुमच्याच सायकलवाल्यांनी परस्पर नगरपालिकेत तक्रारी केल्या होत्या म्हणे."

मी त्या रस्त्याने कधी सायकल नेत नाही. माझं दुकान दुसऱ्या टोकाला, मी मागच्या गल्लीने जाते. म्हणून मी तिथेच उभी राहिले आणि बघायला लागले. कारखान्यातली पोरं आली, जाळीवरून सरळ खडखड करत गेली. पोस्टमन गेला, तोही सरळ. पांढऱ्या रेघेकडे कुणी फिरकलंच नाही, कारण रेघेला घासून मोटारी जात होत्या. मग नर्स आली. मी तिला थांबवलं.

"पूर्वी इथे वळसा घ्यावा लागायचा," ती म्हणाली. "जाळीचे गज उभे होते, आपण जातो त्याच दिशेने. चाक नेमकं फटीत जायचं आणि माणूस तोंडावर. म्हणून सगळे जाळी टाळून रेघेवरून जायचे. आता गज आडवे बसवलेत, चाक जातंच नाही आत. मग जीव मुठीत धरून गाड्यांच्या बाजूला कोण जाईल?"

मी दवाखान्यात फोन लावला. ताईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही त्या जाळीपाशी कशा गेलात? सरळ?"



"नाही. मी वळसा घेतला. वर्गात आम्हाला तसंच शिकवलंय."

४

पोलीस चौकीतल्या बाकावर सोफेवाला बसला होता. एप्रन काढून घेतलं होतं, त्यामुळे तो अर्धाच दिसत होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

"काल तुम्हीच ओरडत होतात ना, हात झडोत म्हणून? झडले नाहीत अजून. बघून घ्या."

"ताईंनी पाठवलंय," मी म्हटलं. "ज्यांना तुम्ही वाचवलंत त्यांनी."

त्याने वळून बघितलं. "कशा आहेत?"

"मनगट मोडलंय. पण डोकं जाग्यावर आहे, माझ्यापेक्षा जास्त. त्यांनी विचारलंय, तुमच्या डब्यातले खिळे कुणी नेले होते का?"

"कुणी नाही नेले ते विचारा! केमिस्टने पाटी ठोकायला नेले. पंक्चरवाल्याने सीट शिवायला नेले. तुमच्या समितीच्या लोकांनी तर कापडी फलक लाकडी चौकटीवर ताणायला डब्यात हात घालून नेले. मीच दिले. माझ्याच दुकानाविरुद्धचा फलक, आणि खिळेही माझेच. मूर्ख आहे मी!"

म्हणजे खिळ्यांवरून काहीच ठरत नव्हतं. ते सगळ्यांच्याच हातात होते. मी उठणार इतक्यात तो स्वतःशीच बडबडायला लागला.

"मला चाकंच बसवायची असती तर रेघेवर कशाला टाकेन? दिवसभर मी खुर्चीला तोंड करून बसतो आणि समोर तुमचा पट्टा. दुसरं बघायला आहे काय? जाळी बदलल्यापासून सगळे सरळ जातात. झोपेत विचारलंत तरी सांगेन. फक्त काल तुमची ती नवी माणसं आली आणि एकामागून एक रेघेकडे वळायला लागली. मी म्हटलं, ह्यांना वेडबीड लागलं की काय? तेच बघायला दारात आलो होतो, म्हणून तर ताई पडताना दिसल्या."

मी परत खाली बसले. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर यायला लागली होती, आणि ती जसजशी येत होती तसतशी माझी कानशिलं तापत होती.

"माझा मुलगा मंगळवारी कुलपाची किल्ली घेऊन येणार आहे," सोफेवाला हळू आवाजात म्हणाला. "दुकान रिकामं करायला. मला दुसरं काही येत नाही हो. सोफेच येतात."

५

मंगळवारी सकाळी अध्यक्ष ताईंना भेटायला आले. फुलं आणली होती आणि फोटो काढणारी बाईही आणली होती. अध्यक्ष व्यवसायाने आर्किटेक्ट. बैठकीतसुद्धा हेल्मेट घालून बसायचे, इतकं की बिनहेल्मेटचे दिसले तर आम्ही ओळखलं नसतं. आजही ते काखेत होतं.

"ताई, तुमचं बलिदान वाया जाणार नाही," ते म्हणाले. "आज ठराव पास होणार! तुमच्या पडण्याचा फोटो सगळ्या गावात फिरलाय."

"फोटो छान आला," ताई म्हणाल्या. चेहरा कोर्टातला. त्या फोटोवालीकडे वळल्या. "नेमकी मी पडतानाच कशी गं सापडले तुला?"

"माझं कसलं कौतुक," ती बिचारी लाजली. "सरांनीच मला जागा दाखवली होती. खडूने फुली मारून ठेवली होती फुटपाथवर."

"तिथे उजेड चांगला असतो," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"असेल. मोर्चात तुम्ही स्वतः नेहमी पुढे असता, रविवारी मात्र सगळ्यांत मागे होतात."

"मागच्यांकडे लक्ष द्यायला नको का कुणी?"

ताईंनी मान हलवली आणि उसासा टाकला. "माझंच चुकलं म्हणायचं. मी उगाच वळसा घेतला. जाळीवरून सरळ गेले असते तर बरं झालं असतं."

"छे, छे!" अध्यक्ष म्हणाले. "सरळ गेला असतात तर चाक जाळीत अडकून तोंडावर आपटला असतात. वळसाच बरोबर. मी शिकवलं ते अगदी बरोबर."

 मग ताईंनी फोटोवालीला जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि मला दार लोटायला.

"सर, ती जाळी बदलून महिना झाला," ताई म्हणाल्या. "आता कुणीही वळसा घेत नाही. तुम्हाला हे ठाऊक नाही, कारण तुम्ही एरवी त्या रस्त्यावर सायकल चालवतच नाही. मैदानापर्यंत मोटारीने येता आणि खडूने रस्ता काढून शिकवता."

"माझा गुडघा..."

"गुडघ्याबद्दल मी विचारलेलं नाही. खिळे नेमके वळशाच्या जागी होते. केमिस्ट सायकल चालवत नाही, त्याला वळसा ठाऊकच नाही. त्याने सगळीकडे टाकले असते. सोफेवाला दिवसभर बघत बसतो, पंक्चरवाला रोज जातो. त्यांना कळलंय की माणसं आता सरळ जातात. त्यांनी जाळीपाशी टाकले असते. आम्ही वर्गातले त्याच खिळ्यांवरून गेलो, स्वतःच टाकून स्वतःच कशाला जाऊ? उरतो तो एकच माणूस. वळसा पाठ असलेला आणि जाळी बदलल्याचा पत्ता नसलेला. त्यानेच फोटोसाठी फुली मारली आणि स्वतः मागे राहिला."

अध्यक्षांनी हेल्मेट खुर्चीवर ठेवलं. 

"दोन-चार चाकं बसतील, एवढंच वाटलं होतं," ते म्हणाले. "कुणी पडेल असं स्वप्नातही नव्हतं. वर्षानुवर्षं नगरपालिकेचे उंबरठे झिजवले. निवेदनं दिली, मोर्चे काढले, नकाशे फुकट काढून दिले. ढुंकून बघितलं का कुणी? त्या चौकात माणसं पडतात, उठतात आणि घरी जातात. त्यांना रक्त दिसल्याशिवाय जाग येत नाही!"

"म्हणून आमचं काढलंत?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स डोकावली. "नवशिक्या माणसांचं? तुमच्यावर विश्वास टाकून रस्त्यावर उतरलेल्यांचं? आणि वर खिळा उचलून त्या सोफेवाल्याकडे बोट दाखवलंत!"

"मी नाव घेतलं नाही त्याचं."

"नाही घेतलंत. आम्हाला घ्यायला लावलंत."

त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मग हात काढले, आणि माझ्याकडे बघून जे बोलले त्याने मी हादरलेच.

"आज संध्याकाळी ठराव होऊ द्या. उद्या मी स्वतः चौकीत जाऊन सगळं कबूल करतो. पण आज बोललात तर पट्टा गेला. नर्स, पोस्टमन, ती कारखान्यातली पोरं, सगळी पुन्हा गाड्यांच्या तोंडी जातील. एका उर्मट माणसाच्या दुकानापायी तुम्ही हे होऊ देणार?"

६

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. माझ्या दुकानात येणारे ते फुटके चष्मे डोळ्यांसमोर आले. एकच संध्याकाळ तर होती. उद्या सगळं सांगता आलं असतं.

"उद्या परवाना गेलेला असेल," ताई म्हणाल्या. "त्याचाही ठराव आजच आहे. आणि ज्या पट्ट्यासाठी एका निरपराध माणसाला उठवलं, त्या पट्ट्यावरून मी सायकल चालवणार नाही. तू चालवशील, वहिनी?"

मला चालवता आली नसती.

सभागृह खचाखच भरलं होतं. आमची समिती पहिल्या रांगांमध्ये, सगळ्यांच्या छातीवर ताईंच्या पडण्याचा तो फोटो लावलेला. अध्यक्ष आलेच नव्हते. परवाना रद्द करण्याचा ठराव आधी आला. "कुणाला काही बोलायचं आहे?" असं सभापतींनी उगाच विचारायचं म्हणून विचारलं, आणि मी उभी राहिले. ताई शेजारी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. जाळी, वळसा, खडूची फुली, आणि दवाखान्यातली कबुलीही. बोलताना मागून आमच्याच माणसांचे आवाज येत होते. "बसा खाली!" "कुणाकडून बोलताय तुम्ही?" बँकेतल्या जोडप्यातली बाई रडायला लागली. जाडा वकील उठून निघून गेला. फोटोवाली मात्र भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "फुली मी दाखवू शकते. अजून आहे तिथे."

समोर बसलेल्या काही नगरसेवकांच्या चेहऱ्यांवर हसू फुटलं. पट्टा आपोआप टळला, बरी ब्याद गेली, असं. ते हसू बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हसताय काय?" मी म्हटलं. "त्या माणसाने नीचपणा केला, त्याची सजा तो भोगेल. पण रक्त सांडल्याशिवाय तुम्ही जागे होत नाही, हे त्याला शिकवलं कुणी? तुम्हीच ना? आम्ही नीट मागितलं तेव्हा तुम्ही पेंगत होतात. आणि आता त्याच्या पापाची शिक्षा कुणाला देणार? नर्सला? पोस्टमनला? त्यांनी खिळे टाकलेत का?"

सभापतींनी घंटा वाजवली. मला खाली बसवण्यात आलं. परवान्याचा ठराव मागे घेतला गेला. पट्ट्याचा ठराव "पुढील विचारासाठी" बाजूला ठेवला गेला, म्हणजे नेमका किती पुढील ते देवालाच ठाऊक. बाहेर पडताना समितीतलं एकही माणूस आमच्याशी बोललं नाही. अध्यक्ष त्या आधीच चौकीत जाऊन बसले होते, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

बुधवारी सकाळी ताई म्हणाल्या, मला सोफ्याच्या दुकानी घेऊन चल. आम्ही चालतच गेलो. दुकान उघडं होतं. सोफेवाला एप्रन बांधून दारातल्या काचा झाडत होता आणि त्याचा मुलगा आत एका खुर्चीचं जुनं कापड फाडत होता. आम्हाला बघून सोफेवाल्याने झाडू भिंतीला टेकवला. ताईंच्या हाताकडे बघितलं, एक स्टूल पुसून पुढे केलं. ताई बसल्या. मला वाटलं, आता हा माणूस आभार मानेल, आणि मी तेवढ्यासाठी चेहरा जरा मऊसुद्धा केला.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "तुमच्या त्या पट्ट्याला माझा अजूनही विरोध आहे. पुढच्या सभेला येऊन बोलणार. जोरात बोलणार."

"बोला की!" मी म्हटलं. "जन्मभर बोला. मी समोर उभी राहून उत्तर देईन. पण बोलायचं ते या दुकानाच्या दारात उभं राहून, त्या चौकीतल्या बाकावरून नाही."

त्याने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. मग झाडू उचलून म्हणाला, "सोफे कुठे चढवू मी, ते आधी सांगा." मी स्टूल ओढून ताईंच्या शेजारी बसले, आणि आम्ही भांडायला सुरुवात केली.